उंदीर, फळमाशी आणि पेशींचे निरोप

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यातले यंत्र आपणहून सुरू होत नाही. ऑर्डर येते, जॉबकार्ड निघते, मग कामगार बटण दाबतो. पेशीचेही काहीसे असेच आहे. शेजारच्या पेशीतून एखादे प्रथिन बाहेर पडते, ते या पेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि आतल्या प्रथिनांच्या साखळीतून 'विभाजन कर' असा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. ही झाली संदेशवाहक प्रथिने. कर्करोगात हाच व्यवहार बिघडतो. आज हे एका वाक्यात सांगता येते. पण ते उमगायला अर्धे शतक लागले. त्या वाटेवर दोन ठिकाणी भारतीय प्रयोगशाळा भेटतात.

सुरुवात उंदरांपासून झाली. शुद्ध वंशाच्या काही उंदरांमध्ये बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर काही वंशांत तो क्वचितच दिसे. हे केवळ आनुवंशिक असावे, असे वाटत होते. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी नवजात पिलांची अदलाबदल केली. कर्करोगप्रवण आईची पिले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तेव्हा त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण खूपच घटले. म्हणजे रोगाचे एक कारण दुधातून जात होते. पुढे ते कारण म्हणजे एक विषाणू आहे, हे स्पष्ट झाले.

याच प्रश्नाने पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना खेचून घेतले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांच्या स्तनग्रंथींची तुलना केली आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू ही तीन कारणे एकत्र कशी येतात, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. विषाणू पेशीत शिरून नेमके काय करतो, हे मात्र त्या काळच्या साधनांनी कळणे शक्य नव्हते.

माणसातही असेच घडते का? १९७१ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे कण आढळल्याची नोंद त्यात होती. पण आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग मुलीकडे जातो, हे पुढे कधीही सिद्ध झाले नाही. उलट स्तनपानामुळे आईला हा कर्करोग होण्याचा धोका कमी होतो. वर्गात हा विषय निघाला तर ही गोष्ट आवर्जून सांगावी.

उंदरांतील कोडे १९८२ साली सुटू लागले. हा विषाणू आपली जनुके यजमान पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. रूल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना अनेक गाठींमध्ये तो एकाच जनुकाच्या शेजारी बसलेला सापडला. या जनुकाला त्यांनी 'इंट-१' म्हटले. नवल असे, की त्यापासून बनणारे प्रथिन मुळीच बिघडलेले नव्हते. एरवी स्तनाच्या पेशीत गप्प असणारे ते जनुक विषाणूच्या शेजारामुळे जागे झाले होते, एवढेच. प्रथिन ठीक, पण जागा आणि वेळ चुकीची!

आता फळमाशीकडे वळू. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेली फळमाशी आढळली होती. १९७३ साली त्यांनी या उत्परिवर्तनाची नोंद 'विंगलेस' नावाने केली आणि १९७६ साली व्ही. एल. चोप्रा यांच्यासह त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १९८७ साली कळले, की माशीचे 'विंगलेस' आणि उंदराचे 'इंट-१' ही एकाच जनुकाची दोन रूपे आहेत. दोन्ही नावे जोडून १९९१ साली 'विंट' हे नाव रूढ झाले. निरोप मिळाला नाही तर पंख तयार होत नाही. निरोप थांबलाच नाही तर गाठ तयार होते.

माणसात या साखळीचा बिघाड मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दिसतो. निरोप नसताना पेशी 'बीटा-कॅटेनिन' हे प्रथिन सतत नष्ट करत असते. या कामात मदत करणारे 'एपीसी' जनुक १९९१ साली सापडले. ते निकामी झाले की बीटा-कॅटेनिन साठते आणि पेशी निरोप आल्यासारखी विभागत राहते. मग औषधाने हा निरोपच का बंद करू नये? कारण निरोगी आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, ते याच निरोपावर. कारखाना चालू ठेवून फक्त अडकलेले बटण सोडवायचे, ही खरी अडचण आहे.

फळमाश्यांच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. १९७३ साली या प्रश्नाला 'कर्करोग समजेल' असे उत्तर कोणीच देऊ शकले नसते. पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवा, माश्या येतील. त्यांचे पंख भिंगातून पाहताना ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगा.