आमच्या नगराच्या वसाहती

घर कोठें करावें, हा प्रश्न आमच्या नगरास नवा नाहीं. सन १६१० च्या सुमारास मलिक अंबर यानें खडकी वसविली व भूमिगत नहरींनीं पाणी आणिलें; पाण्यामागून मोहल्ले वाढले. एकोणिसाव्या शतकांत खाम नदीपलीकडे लष्करी छावणी झाली. १९७० नंतर सिडकोनें पूर्वेस नवी वसाहत उभारिली. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांमागून कामकरी कुटुंबें गेलीं. म्हणजे वस्ती आधीं पाण्यामागें गेली, मग पोटामागें. आज घर शोधणाऱ्या बंधुभगिनींस आम्ही इतकेंच सुचवितों: जायकवाडीचें पाणी नळास किती दिवसांआड येतें, हें शेजाऱ्यांस पुसावें, कामाची वाट मोजावी, आणि वृद्ध मातेस रविवारीं मिस्सेस पायीं जातां येईल काय, हेंही पाहावें. मगच भूखंडाची किंमत विचारावी.