कान बाल्यो आणि इंदू मिल

'सार्वजनिक' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर! पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा. आणि त्यानंतर आमच्या माणसांची डोकी फुटली ती निराळीच. म्हणून एखादी पडीक इमारत 'लोकांची झाली' असे कोणी सांगू लागला की मी आधी विचारतो, कोणत्या लोकांची?

स्पेनमधील बार्सिलोनाच्या सान्त्स भागात ला बोर्देता नावाची कामगारवस्ती आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्यो घराण्याने कापडगिरणी उभारली. लोक तिला 'कान बाल्यो', म्हणजे बाल्योंचे घर, म्हणतात. फ्रँकोच्या हुकूमशाहीत ती दुसऱ्या एका धनाढ्याच्या हाती गेली आणि 1964 मध्ये तिथले कापडाचे काम थांबले. पुढे काही गाळ्यांत छोटे कारखाने चालत राहिले, उरलेले ओस पडले. 1976 च्या नगरविकास आराखड्यात ही जमीन बागेसाठी आणि वस्तीच्या सोयींसाठी राखून ठेवण्यात आली. तिथला हा '1923 चा ठराव' म्हणावा! पुढची पस्तीस वर्षे वस्ती तो आराखडा घेऊन हेलपाटे घालत राहिली.

2009 मध्ये रहिवाशांनी मुदत जाहीर केली. 11 जून 2011 पर्यंत काम सुरू झाले नाही तर आम्ही आत शिरू आणि स्वतःच सुरू करू. मोहिमेचे नाव घड्याळाच्या टिकटिकीवरून ठेवले होते. 2008 च्या मंदीने बिल्डरांचे हिशेब कोसळले होते, आणि मे 2011 पासून स्पेनचे चौक संतप्त तरुणांनी भरून गेले होते. मुदत संपत आली तेव्हा नगरपालिकेने अकरा क्रमांकाची इमारत देऊ केली. ठरलेल्या दिवशी लोक आत गेले. झाडलोट झाली, भिंती रंगल्या आणि सुरुवातीलाच उभे राहिले ते ग्रंथालय, लोकांनी घरून आणून दिलेल्या पुस्तकांचे. मग सभागृह आले, उपाहारगृह आले, सुतारशाळा आली. निर्णय वस्तीची सभा घेते, काम स्वयंसेवक करतात. 2019 मध्ये नगरपालिकेने करार करून हा वापर निदान 30 वर्षांसाठी मान्य केला. याच चळवळीतून ला बोर्दा ही गृहसहकारी संस्था निघाली. जमीन नगरपालिकेचीच, 75 वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली; तीवर 28 घरे झाली आणि 2018 मध्ये माणसे राहायला आली. ही घरे विकता येत नाहीत, फक्त त्यांत राहता येते. आपल्याकडच्या सहकारमहर्षींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वाचताना मला मुंबईच्या गिरण्या आठवत होत्या. माझे आजोबा रिंगखात्यात होते. साचेखात्यात त्यांना कधीच घेतले नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नाही. मालकाविरुद्ध एक होणारे हात तोंडाशी आले की वेगळे होत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला, तेव्हा संपाच्या नेत्यांनी तो मोठ्या नाखुशीने मागण्यांत घेतला. वस्तीची सभा म्हणताच मला गावकी आठवते, ती यामुळे. ला बोर्देताच्या लोकांपुढे हा प्रश्न या रूपात नव्हता. त्यांचे श्रेय मी कमी करत नाही; पण त्यांचा नमुना जसाच्या तसा उचलणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनी आधी आपला पाणवठा तपासावा.

1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991 च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी ठेवला होता. 2001 मध्ये नियमाचा अर्थ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता आकसला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. वाटा हातचा गेला.

अपवाद एकच, आणि तोही त्याच 2011 सालचा. 6 डिसेंबरला आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चैत्यभूमीलगतच्या बंद इंदू मिलमध्ये घुसले. मीही त्या गर्दीत होतो. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने स्मारकासाठी जमीन द्यायचे मान्य केले, 2015 मध्ये भूमिपूजन झाले. 2020 मध्ये पुतळ्याची उंची 350 फूट आणि चौथऱ्याची 100 फूट ठरली. आराखड्यात ग्रंथालयही आहे, हे मी विसरत नाही. तरी फुटांची चर्चा जेवढी झाली तेवढी ग्रंथालयातल्या बाकांची झाली नाही. आणि एकदा निविदा निघाल्या की आत शिरलेली माणसे पुन्हा प्रेक्षक होतात. तेथे आम्ही जिंकलो, पण व्यवस्थापन सरकारच्या हाती सोपवून मोकळे झालो. आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची मागणी आमच्यातूनच झाली होती, तिच्यामागे आम्ही किती जण उभे राहिलो?

त्या दिवशी नेहमीप्रमाणे शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागले होते. गिरणीत शिरताना माझ्या पिशवीत सात-आठ पुस्तके होती, आजूबाजूच्या पिशव्यांतही होतीच. आत रिकाम्या भिंती होत्या, जागा भरपूर होती. संध्याकाळी मी पिशवी खांद्याला लावली आणि दादरहून कल्याणची गाडी पकडली.