बोट ओढायला इंजिन की बैल?

जड बोट ओढायला गाडी कुठली घ्यावी, या प्रश्नाचं माझं आवडतं उदाहरण १९१५ सालचं आहे. टांगानिका सरोवरावर तेव्हा जर्मन जहाजांचं राज्य होतं. ब्रिटिशांनी ठरवलं, दोन मोटरबोटी तिथे न्यायच्याच. प्रत्येक ४० फुटी! कमांडर स्पायसर-सिमसनना नावं 'कॅट' आणि 'डॉग' हवी होती. नौदल नको म्हणालं, तर त्यांनी 'मिमी' आणि 'टूटू' ठेवली, म्हणजे फ्रेंचमधलं म्याऊ-भूभू. असो.

केपटाऊनहून बेल्जियन काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत रेल्वे होती. पुढे जंगल आणि मिटुंबाचे डोंगर, साधारण ६००० फूट. त्यासाठी वाफेची दोन ट्रॅक्शन इंजिनं आणली. कागदावर निवड चोख: ताकद भरपूर, सरपण जंगलात फुकट. पण बॉयलरला पाणी लागतं बेसुमार, आणि दिवस कोरडे. शेवटी गावांतल्या बायकांनी घडे वाहून आणले तेव्हा कुठे इंजिनं हलली. शिवाय एवढं धूड पेलतील असे पूल वाटेत नव्हतेच. शंभराहून जास्त बांधावे लागले. आणि उभ्या चढावर इंजिनं दमली तेव्हा ओढलं कोणी? बैलांनी, दोर-कप्प्या लावून.

पुढे रेल्वे, लुआलाबा नदी, परत रेल्वे. डिसेंबरात बोटी सरोवरात उतरल्या. २६ तारखेला त्यांनी 'किंगानी' पकडली, ९ फेब्रुवारी १९१६ला 'हेडविग फॉन विसमान' बुडवली. स्पायसर-सिमसनना पदक मिळालं. मला मात्र ही गोष्ट सांगताना आधी त्या घडेवाल्या बायकाच आठवतात.