गिरणीचा भोंगा आणि मधुमेहाची गोळी

मधुमेहाची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली असते, हे आपण सगळे शिकतो. ती वेळ कोण ठरवतं, हे मात्र अभ्यासक्रमात नसतं. त्यासाठी काळाचौकीच्या चाळीत जावं लागतं.

गिरण्या तीन पाळ्यांत चालत, तेव्हा कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवायचे. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतल्या एका खोलीत एक बाई घरच्यांसोबत या गड्यांचंही रांधायची. भोंगा व्हायच्या आत ताटं वाढून तयार हवीत. तिचं स्वतःचं ताट शेवटचा गडी उठल्यावर.

आता यात औषध ठेवून बघा. 1950च्या दशकात टोल्बुटामाइड, क्लोरप्रोपामाइड या गोळ्या आल्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. क्लोरप्रोपामाइडचा असर तर दिवसभराहून जास्त टिकतो. जेवण लांबलं की साखर उतरते: घाम, थरथर, भोवळ. पेटत्या स्टोसमोरच्या बाईला घाम आला, तर त्यात कुणाला काय विशेष वाटणार?

नोंदींचंही तसंच. 1948च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात विमेदार म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावरचा कामगार. खाणावळवालीला हजेरीपट नाही. तिच्या कामाचा विमा नाही. दवाखान्यात ती पोचलीच तर कुणाची तरी बायको म्हणून, आश्रित म्हणून. आणि तिच्या हातचं जेवून पाळी गाठणारा विमेदार! 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबले, पुष्कळ जण गावी गेले. तिची कमाई आटली. विमा तर नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला.

या बायकांना कष्टकरी म्हणून मोजणारी एक संस्था मात्र होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004च्या पुस्तकात गिरणगावच्या लोकांचं बोलणंच इतिहासाचं साधन केलं, तेही जरूर वाचा.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 'व्यवसाय' असा रकाना होता. एक आजी म्हणाल्या, "काही नाही, घरीच." रकाना भरून मी पुढे गेले. चहा घेताना कळलं, त्यांनी कित्येक वर्षं खाणावळ चालवली होती. आता माझा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही स्वतः किती वाजता जेवायचात?"