डावा अंगठा ते मोबाइलचं लॉक



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला हा म्हातारा आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतोय की काय. तसं काही नाही. पण विषय मोबाइलचाच आहे, आणि तो मला सुचवला बारावीतल्या एका मुलीनं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची ही मुलगी. तलासरीकडची, वारली कुटुंबातली. मध्यंतरी घरी आली होती. म्हणाली, "सर, आज्याच्या फोनला मी अंगठ्याचं लॉक लावून दिलं. आकडे लक्षात ठेवायची कटकट नको, म्हणून आजा खूश. दुपारी आजा झोपला, तर धाकट्या भावानं त्याचा अंगठा हळूच फोनला लावला आणि गेम खेळत बसला. मग हे कुलूप कसलं?"

मी हसलो. चहा झाला, ती गेली. पण प्रश्न काही गेला नाही. माणूस झोपलेला असताना त्याच्या अंगठ्यानं त्याचंच कुलूप उघडलं जातं. मला वाटलं, डहाणू-तलासरीत हे पहिल्यांदा घडत नाहीये. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

आधी कुलपाचा साधा विचार करू. दार आपल्यालाच उघडावं आणि दुसऱ्याला उघडू नये, यासाठी माणसानं तीन उपाय शोधले. एक, आपल्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे किल्ली. दोन, आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे सांकेतिक शब्द किंवा आकडा. तीन, आपलं शरीर, म्हणजे बोट, चेहरा, डोळा. किल्ली हरवते किंवा चोरीला जाते. आकडा विसरतो. शरीराचं तसं होत नाही, ते कायम बरोबर असतं. म्हणून वरवर पाहता तिसरं कुलूप सगळ्यात भारी वाटतं.

तुमच्यातल्या साठीपुढच्या मंडळींना घरच्या काळ्या टेलिफोनचं कुलूप आठवत असेल. डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप अडकवायचं, म्हणजे शेजारचे येऊन फुकट फोन करणार नाहीत. किल्ली वडिलांच्या जानव्याला नाहीतर आईच्या कमरेला. आणि कॉलेजातली पोरं रिसीव्हर ठेवायची खुंटी टकटक दाबून, डायल न फिरवताच नंबर लावायची! कुलूप आलं की त्याच्यावरची युक्ती मागोमाग येतेच.

संगणकाच्या पासवर्डचा नि बँकेच्या पिनचा इतिहास फार जुना नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेक जण आळीपाळीनं वापरत. प्रत्येकाचं काम वेगळं राहावं म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. पुढे १९६७ साली लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेनं पैसे देणारं यंत्र बसवलं. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी की, त्यांच्या मनात सहा आकडी क्रमांक होता. पण स्वयंपाकघरात बसून बोलताना पत्नी म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. आज आपण चार आकडी पिन दाबतो, त्यामागे त्या बाईंची स्मरणशक्ती आहे.

आता अंगठ्याकडे येऊ.

आपल्याकडचे मराठेशाहीतले कागद पाहिले, तर लिहिता न येणारा माणूस अंगठा उमटवताना दिसत नाही. तो खूण काढतो. पाटील नांगर काढतो. 'निशाणी नांगर' असं शेजारी लिहिलेलं असतं. बलुतेदार आपापल्या अवजाराची खूण करतात. अक्षर नसेल, पण खूण त्या माणसाच्या धंद्याची, मानाची आहे आणि ती त्यानं समजून-उमजून काढलेली आहे.

अंगठा आला तो इंग्रजी अमलात. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हर्शेलनं स्वतःच लिहून ठेवलंय की हेतू साधा होता. कोनाईनं नंतर 'ही सही माझी नव्हे' असं म्हणू नये, म्हणून त्याला जरा धाक बसवायचा. लक्षात घ्या, हा ठसा कोनाईचं रक्षण करण्यासाठी नव्हता, त्याला बांधून ठेवण्यासाठी होता. १८७७ मध्ये हुगळीला हर्शेलनं पेन्शनर, दस्तनोंदणी आणि कैदी अशा तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. ठशांचं वर्गीकरण करण्याची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. नाव मात्र जगभर झालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं.

इथे गांधीजींची गोष्ट सांगायलाच हवी. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालमध्ये १९०६ साली हिंदी लोकांवर दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आणायचं ठरलं. त्या सक्तीविरुद्धच्या लढ्यातून सत्याग्रह जन्माला आला. पण १९०८ मध्ये सरकारशी तडजोड झाल्यावर गांधीजी स्वतः आपले ठसे द्यायला निघाले. त्यावरून चिडलेल्या पठाणांनी त्यांना रस्त्यात मारहाण केली. गांधीजींचं म्हणणं होतं, सक्तीनं दिलेला ठसा हा अपमान आहे, स्वेच्छेनं दिलेला नाही. सरकारनं शब्द पाळला नाही, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते नोंदणीचे दाखले जोहान्सबर्गला जाळण्यात आले. बोट तेच, शाईही तीच. ठसा कोणाच्या इच्छेनं उमटतोय, एवढाच फरक. माझं आजचं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

आता आपल्या गावांकडे या. तेव्हा हा ठाणे जिल्हा, आणि डहाणू नि उंबरगाव हे तालुके. जमीन मूठभर जमीनदार-सावकारांच्या हातात. लग्नासाठी वारल्यानं थोडे पैसे उचलले की नवरा-बायको दोघं सावकाराच्या वाडीवर राबायला जायची. त्याला शब्दच होता, लग्नगडी. कर्ज किरकोळ, पण ते जन्मभर फिटत नसे. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानं अहवालात या प्रथेची नोंद केली आहे. कधी कागद असे, कधी नुसता तोंडी हिशेब. कागद असला तरी भाषा सावकाराची, अक्षर त्याच्या कारकुनाचं, आणि खाली वारल्याचा डावा अंगठा. काय लिहिलंय ते ठाऊक नसलेल्या माणसाचा अंगठा. पाटलाच्या नांगरापासून इथवर आपण केवढे घसरलो, पाहा.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेनं वेठ बंद, लग्नगडी बंद, अशी हाक दिली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पसरवण्यात आला. लोक धावून आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. निरोप खरंच कोणाकडून आला, हे पडताळायची काहीच सोय नव्हती. आज फोनवर खोटा मेसेज येतो तेव्हा मला तलवाडा आठवतं. गोदूताईंनी पुढे या लढ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा आठवा. आजा झोपलाय आणि अंगठा लागतोय.

वेठ गेली. १९७६ साली वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला. शाळा आल्या, आश्रमशाळा आल्या. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी झाली, आणि बाप अंगठा देत होता तिथे पोरगा सही करू लागला. ही केवढी मोठी गोष्ट होती! आणि मग पुन्हा अंगठा आला. २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. आता रेशनला अंगठा, बँकेला अंगठा, सिमकार्डाला अंगठा. वीटभट्टीवर नि शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेघाच झिजल्यात, त्यांना यंत्र ओळखत नाही. सावकार निदान अंगठा नाकारत तरी नव्हता!

फोनचं म्हणाल तर २००७ च्या पहिल्या आयफोनवर बोट सरकवलं की पडदा उघडे. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, त्यात नऊ ठिपके जोडून काढायची नक्षी होती. २०१३ च्या आयफोन ५एसनंतर बोटाचं लॉक सर्रास झालं, मग चेहऱ्याचं आलं. एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे: चांगल्या फोनमध्ये तुमच्या बोटाची नोंद फोनच्या आतच राहते, बाहेर जात नाही. तरीही मूळ अडचण उरतेच. आकडा तुमच्या मनात आहे. तो तुम्ही सांगावा लागतो. अंगठा हाताला आहे. तो तुम्हाला न विचारता धरता येतो. आकडा फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? एकलव्याचा एकदा गेला तो गेलाच.

कायद्यानंही हा फरक ओळखलाय. आपल्या संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. मग बोटांचे ठसे ही साक्ष आहे का? १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांसमोर हा प्रश्न आला. बहुमतानं उत्तर दिलं की ठसा ही साक्ष नव्हे, कारण ठसा देताना माणूस आपल्या मनातलं काही सांगत नाही. मनातलं ज्ञान एका बाजूला, शरीराची खूण दुसऱ्या बाजूला. त्या वेळी मोबाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आज फोनच्या पासवर्डबद्दल न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, पण वाद याच रेषेवरून चाललाय.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण ती मुलगी उत्तर मागायला आली होती, व्याख्यान नव्हे.

पडदा काळा होणं, फोन लॉक होणं आणि फोन बंद होणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजूचं बटण एकदा दाबलं की पडदा विझतो आणि बहुतेक फोन लॉक होतात. पण ते कुलूप अंगठ्यानं उघडतं. फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, तर पहिल्यांदा तो अंगठा मानतच नाही, आकडाच मागतो. आकडा मिळेपर्यंत आतली बहुतेक माहिती सांकेतिक रूपात कोंडलेली राहते. म्हणून प्रवासाला निघताना, फोन दुसऱ्याच्या हाती देताना, गर्दीत झोप लागणार असेल तेव्हा, फोन सरळ बंद करा. पूर्ण बंद करायचा नसेल तर अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये पॉवरच्या मेनूत 'लॉकडाउन' असा पर्याय असतो. २०१८ पासून तो आलाय, काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. नव्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरलं आणि बंद करायची पट्टी दिसली की चेहऱ्यानं उघडणं थांबतं. पुढे आकडा द्यावाच लागतो.

आकडा निवडताना जन्मसाल नको, १२३४ नको. चार आकडे कमीच, सहा ठेवा. शेफर्ड-बॅरनबाईंची माफी मागून.

आणि बँकेच्या अंगठ्याचंही सांगतो. गावात मशीन घेऊन येणारा कोणी म्हणतो, "आजी, लागला नाही, पुन्हा लावा." दोनदा लावलेल्या अंगठ्यात कधीकधी दोनदा पैसे जातात. पावती मागा, मेसेज पोरांकडून वाचून घ्या. आधारच्या बायोमेट्रिकलाही कुलूप लावायची सोय आहे. एम-आधार ॲपवरून ते लावता येतं आणि रेशनच्या दिवशी तात्पुरतं उघडताही येतं. अडलं तर आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे. हा आकडा तरी कोणी विसरणार नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं. आज्याला फोनचा अंगठा राहू दे, त्याची सोय आहे. पण सहा आकडेही शिकव. तू पाठ करू नकोस, त्यालाच करू दे. आठ दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "सर, आज्यानं आकडे ठेवले, पण मला सांगत नाही!"

मी म्हटलं, छान. आजा जागा झाला.