गुप्ती आणि शिकोमिझुए : एका शस्त्राचे नाव व त्याचा काळ

मराठीत ज्या शस्त्रास आपण गुप्ती म्हणतो, त्याच जातीच्या जपानी शस्त्राचे नाव ‘शिकोमिझुए’ असे आहे. बाहेरून साधी काठी आणि आत तलवारीचे पाते, ही रचना दोहोंकडे समान आहे; परंतु नामकरणामागील दृष्टी मात्र भिन्न आहे. ‘गुप्ती’ या शब्दाच्या मुळाशी ‘गुप्’ हा संस्कृत धातू आहे. रक्षण करणे हा त्याचा आद्य अर्थ. झाकणे, लपविणे हा त्यातूनच पुढे आलेला अर्थ. मराठी भाषकाच्या मनावर त्यातील लपवणूकच प्रथम ठसते. ‘शिकोमिझुए’ हा ‘शिकोमी’ आणि ‘त्सुए’ म्हणजे काठी या दोन पदांचा समास असून, जपानीच्या रीतीप्रमाणे उत्तरपदाच्या आद्य व्यंजनास घोषत्व येऊन ‘त्सुए’चे ‘झुए’ झाले आहे. ‘शिकोमू’ या क्रियापदाचा अर्थ आत घालणे, बसविणे, तयार करणे असा आहे. साके हे मद्य करताना तांदळाचे मिश्रण घालण्याच्या क्रियेस ‘शिकोमी’ म्हणतात. क्योतो येथे नृत्यगायनाच्या व्यवसायात नुकत्याच दाखल झालेल्या उमेदवार मुलीसही हेच नाव आहे. तात्पर्य, जपानी शब्दात गुप्ततेचा उच्चार नाही. उच्चार आहे तो कारागिरीचा. या शस्त्राच्या इतिहासाकडे पाहतानाही ही खूण लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

शिकोमिझुए म्हटले की बहुतेकांना निंजा हेर किंवा झातोइचि हा अंध तलवारबहाद्दर आठवतो. झातोइचि ही शिमोझावा कान या लेखकाच्या १९४८ मधील एका लहानशा कथेतून आलेली व्यक्तिरेखा होय. १९६२ पासून कात्सु शिंतारो या नटाच्या चित्रपटमालिकेने तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. ‘झातो’ ही अंधांच्या व्यावसायिक संघातील एक पदवी होती. म्हणजे नायकाच्या नावात त्याचा सामाजिक दर्जाच सांगितलेला आहे. तथापि चित्रपटातील एदो काळ आणि संग्राहकांच्या हाती पडणाऱ्या वस्तू यांचा मेळ सहसा बसत नाही. अशा काठ्या एदो काळात नव्हत्याच असे नव्हे. परंतु आज आढळणाऱ्या नमुन्यांपैकी बहुसंख्य मेइजी काळातील, म्हणजे १८६८ ते १९१२ या अवधीतील आहेत.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि पुढे एदो राजवटीत कमरेस दोन तलवारी लावणे हे सामुराई वर्गाचे चिन्ह ठरले. प्रवासासारख्या प्रसंगी आखूड तलवार बाळगण्याची मुभा सामान्यांसही असे. पण तलवारींची जोडी हा सामुराईचाच मान होता. जी वस्तू दिसावी म्हणूनच धारण करावयाची, ती काठीत दडविण्याचे प्रयोजन सामुराईला सहसा पडत नव्हते. मेइजी शासनाने हे चित्र थोड्याच वर्षांत पालटले. १८७० मध्ये सामान्यांस तलवार लावण्यास मनाई झाली. १८७१ मध्ये सामुराईंना ती न लावण्याची मोकळीक मिळाली. आणि मार्च १८७६ च्या ‘हाइतोरेइ’ या आज्ञेने सैनिक, पोलीस व समारंभाच्या पोशाखातील अधिकारी वगळता सर्वांनाच ती निषिद्ध झाली. त्याच वर्षी कुमामोतो येथे शिंपुरेन पंथाच्या लोकांनी जो उठाव केला, त्यामागे या आज्ञेविषयीचा संताप प्रामुख्याने होता. ज्यांनी उठाव केला नाही, त्यांतील काहींनी तलवार काठीत घातली.

काठीही बदलली होती. पाश्चात्त्य पोशाखाबरोबर हातात छडी घेण्याची रीत जपानात रुजली आणि तिच्यासाठी इंग्रजीतून ‘सुतेक्की’ हा शब्द आला. जुना ‘त्सुए’ वाटसरूचा व अंधाचा आधार. नवा ‘सुतेक्की’ सुधारलेल्या गृहस्थाचा अलंकार. नव्या सभ्यतेची खूण हाती मिरवावी आणि जुन्या प्रतिष्ठेची खूण तिच्याच पोटात सांभाळावी, असा हा विलक्षण संयोग होता.

या वस्तूविषयी संग्राहकांस वाटणारे आकर्षण येथेच आहे, आणि अडचणही येथेच आहे. काठी सरळ, तर जपानी तलवार सामान्यतः वक्र. त्यामुळे चांगले जुने पाते काठीत क्वचितच बसते. म्हणून बहुधा अरुंद, सरळ पाती मुद्दाम केलेली असतात, आणि त्यांतील कित्येक सामान्य प्रतीची असतात. परीक्षा करावयाची ती मुठीत दडलेल्या शेपटाची, म्हणजे ‘नाकागो’ची. त्यावरील गंजाचा रंग, कानशीचे ओरखडे आणि असल्यास लोहाराची नाममुद्रा यांवरून वय कळते. म्हणून तो गंज घासून काढणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. बाजारात ‘शिरासाया’लाही गुप्ती म्हणून खपविले जाते. वस्तुतः ते पाते जपून ठेवण्याचे साधे, रोगण न लावलेले लाकडी म्यान असते. ते पात्याच्या वळणानुसार वळलेले असते आणि काठी असल्याचा आव आणीत नाही.

कायद्याशी या शस्त्राचा संबंध अद्याप सुटलेला नाही. जपानात तलवारींचे नियमन १९५८ च्या कायद्याने होते. ब्रिटनने १९८८ च्या आदेशात अशा काठ्यांचा समावेश केला, मात्र शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस सूट दिली. भारताच्या १९६२ च्या शस्त्र नियमांतही तलवारींच्या वर्गात गुप्तीचा स्पष्ट निर्देश होता.

क्वचित एखाद्या काठीत खरोखरच जुने व उत्तम पाते सापडते. तेव्हा पाते काढून घेऊन ‘हलक्या’ काठीची वासलात लावण्याचा मोह जाणत्यासही होतो. तो आवरला पाहिजे. पाते पोलादाचा इतिहास सांगते. पण १८७६ नंतर एका वर्गाने आपली ओळख कोठे व कशी ठेवली, हे केवळ ती काठीच सांगू शकते. ‘शिकोमी’ या शब्दातील ‘आत बसविणे’ दृष्टीस पडते ते दोन्ही एकत्र राहिली तरच. निराळी केल्यावर उरते ते एक पाते आणि एक पोकळ लाकूड.