रानकोरफड : संपादकीय तळटीप

७. रानकोरफड – लेखकाने वाटेत पाहिलेली ही वनस्पती म्हणजे आपल्याकडे कुंडीत लावतात ती कोरफड नव्हे. वर्णनावरून ती ‘ॲलो सेकंडिफ्लोरा’ असावी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांनी १८९५ मध्ये या जातीचे नामकरण केले. केनिया, टांझानिया आणि इथिओपियातील कोरड्या, काटेरी झुडुपांच्या प्रदेशात ती वाढते. खोड जवळजवळ नसतेच; जाड, दातेरी पाने जमिनीलगत गोलाकार पसरतात. फुलोऱ्याच्या आडव्या फांद्यांवर लालसर फुले एकाच बाजूला ओळीने येतात.

पुढे ‘कडू रस’ असा उल्लेख येतो, तो पानातल्या बुळबुळीत गराचा नव्हे. सालीच्या लगेच आत पिवळसर, अतिशय कडू द्रव असतो. कापलेली पाने उतरती ठेवून तो निथळू देतात आणि आटवून त्याचे काळपट खडे करतात. त्यातील ॲलोइन तीव्र रेचक आहे. कोरफडीच्या रसाचा असाच आटवलेला खडा आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘काळा बोळ’ म्हणून मिळतो.

या रसासाठी रानातली झाडे बेसुमार तोडली जाऊ लागल्याने केनियात १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अशा तोडीवर बंदी आली. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार आफ्रिकेतील रानकोरफडींच्या व्यापारावर निर्बंध आहेत. घरगुती कोरफड, ‘ॲलो व्हेरा’, मात्र त्यातून वगळलेली आहे. – संपा.